तीन बोटे, तीन सेकंद

क्रीडा संघटनांचे पदाधिकारी सहसा पडद्यामागे राहतात. मैदानावरचा जल्लोष खेळाडूंचा आणि शिव्याशाप पंचांचे, असाच रिवाज आहे. रेनाटो विल्यम जोन्स यांच्या वाट्याला मात्र निराळे भागधेय आले. बास्केटबॉल जगभर रुजवणारा संघटक ही त्यांची खरी कमाई. पण स्मरणात राहिली ती त्यांनी उंचावलेली तीन बोटे!

जोन्स यांचा जन्म 1906 मध्ये रोमचा. नागरिकत्वाने ते ब्रिटिश होते. शिक्षणासाठी ते अमेरिकेतील स्प्रिंगफिल्ड कॉलेजात गेले. जेम्स नेस्मिथ यांनी 1891 मध्ये बास्केटबॉलला जन्म दिला तो याच संस्थेत. हा खेळ घेऊन जोन्स युरोपात परतले. 18 जून 1932 रोजी जिनिव्हात आठ देशांच्या संघटना एकत्र आल्या आणि ‘फिबा’ ही आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. तिचे सरचिटणीसपद पंचविशीतल्या जोन्स यांच्याकडे आले आणि पुढची 44 वर्षे त्यांच्याकडेच राहिले.

चारच वर्षांत, 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये बास्केटबॉलला पदकाच्या खेळाचा मान मिळाला. अंतिम सामना भर पावसात, उघड्या टेनिस कोर्टवरील चिखलात झाला आणि अमेरिकेने कॅनडाला 19-8 असे हरवले. 1950 मध्ये अर्जेंटिनात पुरुषांची, तर 1953 मध्ये चिलीत महिलांची पहिली जागतिक स्पर्धा भरली.

खेळ वाढला तसे राजकारणही शिरले. 1959 च्या जागतिक स्पर्धेत सोव्हिएत संघाने अमेरिकेला हरवले. परंतु तैवानविरुद्ध खेळण्यास राजकीय कारणावरून नकार दिला. संघटना नियमावर ठाम राहिली. सोव्हिएत संघाचे अजिंक्यपद हुकले आणि ते ब्राझीलकडे गेले. नियमापुढे महासत्तेचीही गय नाही, असा त्याचा अर्थ होता.

म्हणूनच 1972 चे म्युनिक अधिक बोचते. 9 सप्टेंबरच्या रात्री उशिरा सुरू झालेल्या अंतिम सामन्यात पुन्हा हेच दोन संघ समोरासमोर होते. 1936 पासून अमेरिका ऑलिम्पिकमध्ये एकही सामना हरली नव्हती. तीन सेकंद उरले असताना डग कॉलिन्सने दोन्ही फ्री थ्रो साधले आणि अमेरिकेला 50-49 अशी आघाडी मिळाली. सोव्हिएत संघाने चेंडू खेळात आणला. पण टाइमआउट मागूनही मिळाला नाही, अशी तक्रार करीत त्यांचे प्रशिक्षक गुणलेखकांच्या टेबलाशी धावले. गोंधळात पंचांनी खेळ थांबवला, तेव्हा एक सेकंद शिल्लक होता.

जोन्स प्रेक्षागृहातून खाली उतरले आणि तीन बोटे दाखवून घड्याळ तीन सेकंदांवर नेण्यास त्यांनी सांगितले. चालू सामन्यात असा हस्तक्षेप करण्याचा अधिकार सरचिटणीसाला नियमांनी दिलेला नव्हता. दुसरा प्रयत्न फसला, भोंगा वाजला, अमेरिकी खेळाडू नाचू लागले. मात्र घड्याळ नीट लावलेच नव्हते, असे सांगून तिसरी संधी देण्यात आली. इव्हान एदेश्कोने मैदानाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला चेंडू फेकला, अलेक्झांडर बेलोव्हने तो बास्केटमध्ये टाकला आणि निकाल फिरला : 51-50.

ब्राझीलचे पंच रेनाटो रिगेटो यांनी गुणपत्रिकेवर सही करण्यास नकार दिला. पाच सदस्यांच्या समितीने अमेरिकेची तक्रार 3-2 अशा मतांनी फेटाळली. हंगेरी, पोलंड व क्युबाचे सदस्य एका बाजूला. इटली व पोर्टो रिकोचे दुसऱ्या. शीतयुद्धाच्या त्या काळात या मतविभागणीचा अर्थ सांगण्याची गरज उरली नाही. अमेरिकी खेळाडूंनी रौप्यपदके नाकारली आणि अर्धशतक उलटले तरी तो सल गेला नाही.

नाकारलेला टाइमआउट सोव्हिएत संघाचा हक्क असेल, तर गेलेले सेकंद परत देणे न्याय्य होते, असे जोन्स यांच्या बाजूने म्हणता येते. पण न्याय देण्याचा अधिकार ज्याचा नाही, त्याने तो दिला की न्यायही संशयास्पद ठरतो. नियमांची घडी बसवण्यात हयात घालवलेल्या माणसाकडूनच ती विस्कटली, ही यातली शोकांतिका.

1976 मध्ये, महिला बास्केटबॉल ऑलिम्पिकमध्ये प्रथमच खेळले गेले त्याच वर्षी, जोन्स पदावरून निवृत्त झाले. 1977 पासून तैपेईत त्यांच्या नावाची स्पर्धा सुरू झाली. एप्रिल 1981 मध्ये त्यांचे निधन झाले, तेही म्युनिकमध्येच. 44 वर्षांच्या कार्याला तीन सेकंदांनी झाकोळावे, असा हिशेब काळाने मांडला.