जिम कॉर्बेट : बंदूक, कॅमेरा आणि कालाढुंगीचे घर

थोर पुरुषाच्या निधनानंतर त्याच्या नित्याच्या वापरातील वस्तूंचे काय करावे, हा प्रश्न दिसावयास किरकोळ, परंतु वस्तुतः अवघड आहे. घरच्यांना त्या वस्तू म्हणजे आठवणी वाटतात, संग्राहकांस त्या दुर्मिळ माल वाटतात आणि संग्रहालय चालविणाऱ्यांस दोन्ही गोष्टी एकाच वेळी ध्यानात घ्याव्या लागतात. रानावनांवर लिहिणाऱ्या नामवंत लेखकांचे जुने कॅमेरे व बंदुका आता लिलावात येतात आणि स्मारकाचा खर्च भागविण्यासाठी अशी एखादी वस्तू विकावी की काय, हा विचारही पुढे येतो. त्याचा निवाडा करण्यापूर्वी, अशा वस्तूंचा धनी असलेल्या एका माणसाचे चरित्र डोळ्यांसमोर आणावे, असे आम्हांस वाटते. तो माणूस म्हणजे कुमाऊँचा जिम कॉर्बेट.

एडवर्ड जेम्स कॉर्बेट यांचा जन्म २५ जुलै १८७५ रोजी नैनिताल येथे झाला. वडील ख्रिस्तोफर हे तेथील पोस्टमास्तर. कुटुंब मूळचे आयरिश वंशाचे, पण या देशातच स्थिरावलेले. उन्हाळा नैनितालच्या थंडाव्यात आणि हिवाळा पायथ्याच्या कालाढुंगीत, असा या मंडळींचा क्रम असे. १८८१ साली वडील वारले, तेव्हा जिम सहा वर्षांचेही झाले नव्हते. घरचा भार थोरल्या भावावर, टॉमवर, आला. आई, बहिणी आणि सभोवतीचे जंगल यांच्या सहवासात हा मुलगा वाढला. कोणत्या पाखराने कोणाला पाहून साद दिली, वाळूतील ठसा आजचा की कालचा, हे तो पुस्तकांपूर्वी शिकला.

पुढे नोकरी आली ती रेल्वेची. बंगाल अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेत प्रथम सरपणाची देखरेख आणि नंतर बिहारमधील मोकामेह घाटावर, गंगेच्या काठी, एका रुळावरचा माल दुसऱ्या रुळावर चढवून देण्याचे कंत्राट. हमालांच्या मेळ्यात त्यांनी सुमारे वीस वर्षे काढली. तेथे मजुरांच्या मुलांसाठी स्टेशनमास्तरांच्या साहाय्याने त्यांनी शाळा काढली. वेगवेगळ्या जातींच्या मुलांनी एका झोपडीत बसावयाचे नाही, परंतु उघड्या छपराखाली बसण्यास हरकत नाही, असा पेच पडला. तेव्हा त्या झोपडीच्या भिंतीच काढून टाकण्यात आल्या. हा प्रसंग लहान असला तरी माणसाची ओळख पटविणारा आहे. रूढीशी वाद घालीत न बसता वाट काढणे, हा त्यांचा स्वभाव होता.

१९०७ साली चंपावतच्या वाघिणीमुळे कॉर्बेट यांचे नाव सर्वतोमुखी झाले. नेपाळात व कुमाऊँत मिळून ४३६ माणसांचे बळी या वाघिणीने घेतले, अशी नोंद आहे. तिच्या मागावर जाण्यापूर्वी त्यांनी सरकारपुढे दोन अटी ठेवल्या : जाहीर केलेले इनाम रद्द व्हावे आणि इतर शिकाऱ्यांना रानातून परत बोलवावे. पैशासाठी जीव घेणाऱ्यांत आपली गणना व्हावी, हे त्यांना रुचणारे नव्हते. वाघीण मारली गेली आणि संयुक्त प्रांताचे नायब राज्यपाल सर जॉन ह्यूएट यांनी त्यांना रिग्बी कंपनीची .२७५ बोअरची रायफल भेट दिली. पुढे पनारचा बिबळ्या, चौगढच्या वाघिणी आणि १९३८ साली ठाकची वाघीण, अशी ही मालिका तीस वर्षांहून अधिक काळ चालली. रुद्रप्रयागच्या बिबळ्याने बदरी-केदारच्या यात्रामार्गावर आठ वर्षे दहशत बसविली होती. १९२६ साली त्याचा अंत झाला तो याच भेटीच्या रायफलने.

येथवरचे चरित्र पुष्कळांस ठाऊक असते. आम्हांस विशेष मोलाचा वाटतो तो यापुढील भाग. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या अखेरीस कॉर्बेट यांच्या हाती चलच्चित्रांचा कॅमेरा आला. त्यांचे स्नेही व वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चँपियन यांनी रात्रीच्या अंधारात वाघाच्या वाटेवर तार बांधून, तिला वाघाचा पाय लागताच प्रकाश पडून आपोआप छायाचित्र निघावे, अशी योजना सिद्ध केली होती. त्या छायाचित्रांचा त्यांचा ग्रंथ १९२७ साली प्रसिद्ध झाला. कॉर्बेट यांच्यावर त्याचा मोठा परिणाम झाला. मारलेल्या वाघाचे कातडे एकट्या धन्याचे, पण त्याचे चित्र सर्वांचे, ही गोष्ट त्यांच्या मनात ठसली. त्यानंतर केवळ हौसेखातर वाघावर बंदूक चालविणे त्यांनी जवळजवळ सोडून दिले. नरभक्षक ठरलेल्या जनावरासाठी मात्र ते बंदूक घेऊन निघत.

कॅमेऱ्याने वाघ टिपणे हे बंदुकीहून कठीण. गोळी दुरूनही लागते, पण चलच्चित्रासाठी वाघ अगदी जवळ यावा लागतो, तोही दिवसाच्या उजेडात. शिवाय यंत्र सुरू होताच त्याची घरघर होते आणि ती वाघाच्या कानांतून सुटणे शक्य नाही. १९३८ च्या आरंभी कॉर्बेट यांनी यावर उपाय योजला. जंगलातील सुमारे पन्नास यार्ड रुंदीचा, दोहों बाजूंस गर्द झाडी असलेला एक ओढा त्यांनी निवडला. त्याच्या क्षीण प्रवाहाला ठिकठिकाणी बांध घालून काही इंच उंचीचे चिमुकले धबधबे केले. पाण्याच्या खळखळाटात यंत्राचा आवाज बुडून जावा, हा हेतू. मग निरनिराळ्या भागांतील सात वाघ हेरून, त्यांस दिवसेंदिवस थोडे थोडे करीत या ठिकाणी वळविले. या खटाटोपाला साडेचार महिने लागले. पण त्या सातांची चित्रे मिळाली आणि त्यांत एक पांढरी वाघीणही होती. ज्या हाताने पूर्वी बंदुकीचा चाप ओढला, त्याच हाताने पाण्याला बांध घालीत साठीच्या उंबरठ्यापलीकडचा हा गृहस्थ महिनोन् महिने बसून राहिला, हे आम्हांस चंपावतच्या पराक्रमाइतकेच मोठे वाटते.

याच सुमारास, १९३६ साली, भारतातील पहिले राष्ट्रीय उद्यान हेली यांच्या नावाने रामगंगेच्या खोऱ्यात स्थापन झाले. त्याच्या उभारणीत कॉर्बेट यांचे साहाय्य होते. शाळांतून व्याख्याने देऊन, पशुपक्ष्यांचे आवाज काढून दाखवून मुलांना जंगलाची गोडी लावण्याचा उद्योगही त्यांनी चालविला.

लेखक म्हणून त्यांची कीर्ती पसरविण्याचा मान आपल्या मुंबईकडे जातो. कुमाऊँच्या नरभक्षकांवरील त्यांचे पुस्तक १९४४ साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या मुंबई शाखेने प्रसिद्ध केले. पहिल्या आवृत्तीचे मानधन कॉर्बेट यांनी युद्धात दृष्टी गमावलेल्या हिंदी सैनिकांच्या सेंट डन्स्टन वसतिगृहास देऊन टाकले. त्याच युद्धात, वयाची पासष्टी उलटल्यावर, त्यांनी छिंदवाड्यास सैनिकांना जंगलातील युद्धाचे शिक्षण दिले होते. पुस्तक पुढे देशोदेशी गाजले. परंतु त्याचे पहिले फळ आंधळ्या शिपायांच्या पदरी पडले, ही गोष्ट आमच्या विषयाच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. आपल्या नावाला बाजारात किंमत आली तर तिचा उपयोग कोणासाठी करावा, याचे उत्तर त्यांनी हयातीतच दिले होते.

कालाढुंगीनजीकचे छोटी हल्द्वानी हे गाव त्यांनी १९१५ साली घेतले, वसविले आणि पिकांचे रानडुकरांपासून रक्षण व्हावे म्हणून त्याभोवती दगडी भिंत घातली. १९४७ च्या नोव्हेंबरात ते बहीण मॅगीसह केनियास निघून गेले. जमीन तेथील कुळांना मिळाली. गावातील एका विश्वासू माणसास त्यांनी आपली एकनळी बंदूक दिली. न्येरी येथे, पूर्वी बेडन-पॉवेल राहत असत त्या छोट्या घरात, त्यांनी उरलेली वर्षे पुस्तके लिहिण्यात घालविली आणि १९ एप्रिल १९५५ रोजी तेथेच त्यांचे देहावसान झाले. १९५७ साली रामगंगेकाठच्या उद्यानास त्यांचे नाव देण्यात आले आणि १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्रप्रकल्पाचा आरंभ याच उद्यानातून झाला.

त्यांच्या मागे वस्तूंची पांगापांग झाली. ह्यूएट यांनी दिलेली रायफल त्यांच्या प्रकाशकांकडे गेली आणि २०१५ साली, जिने ती घडविली होती त्या कंपनीनेच ती विकत घेतली. कालाढुंगीचे घर मात्र राहिले. वनखात्याने १९६७ साली त्याचे संग्रहालय केले. साधी दगडी बांधणी, पुढे ओसरी, आत त्यांचे सामान, पत्रे व छायाचित्रे, आणि अंगणात त्यांच्या लाडक्या कुत्र्यांच्या समाधी, एवढाच त्या घराचा पसारा. तरीही तेथे जाणारा माणूस आवाज खाली आणून बोलतो. अंगणातील झाडे, पलीकडचे गाव आणि त्यामागचे रान हे सारे मिळून ते संग्रहालय झालेले आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. संग्रहालयाचा प्रपंच केवळ भक्तिभावावर चालत नाही. छप्पर गळते, वाळवी लागते, कागद पिवळे पडतात, राखणदाराला पगार द्यावा लागतो. अशा वेळी एखादा कॅमेरा विकून घर तगत असेल तर त्यास सरसकट पाप म्हणणे आम्हांस मान्य नाही. कॉर्बेट यांच्या चरित्रातून आम्ही दोन कसोट्या घेतो. पहिली, आलेला पैसा कोणाकडे जातो : तो त्या जागेच्या, तेथील माणसांच्या वा प्राण्यांच्या कामी यावा. दुसरी, ती वस्तू गेल्यावर मागे काय उरते. ज्या ओढ्याच्या परिसरात कॅमेरा चालला, तेथपासून तो दूर गेला तर नव्या धन्याच्या कपाटात ते केवळ एक महागडे जुने यंत्र होते. म्हणून ज्या वस्तूवाचून चरित्राचे एखादे पान कोरे राहील, ती शेवटपर्यंत राखावी. जिच्यासारख्या आणखी चार आहेत, तिला जाऊ द्यावे. पण तीही कोणाची, कोठली, कशी वापरली याची पूर्ण नोंद व छायाचित्र मागे ठेवूनच. बंदुका जगात पुष्कळ आहेत. शिकाऱ्याने बंदूक खाली ठेवून हाती घेतलेला कॅमेरा विरळा, आणि आमचे मत विचाराल तर दोहोंतील तोच राखावा.

परप्रांतात पन्नास वर्षे नांदलेल्या मंडळालाही हा विचार परका नाही. आपल्या कपाटांतही जुनी पेटी, नाटकांचे पोशाख, पहिल्या गणेशोत्सवाची छायाचित्रे आणि सभांच्या वह्या आहेत. जागेची अडचण आहे आणि पैशाचीही. काय ठेवावे आणि काय द्यावे, हे ठरविण्याची पाळी येईलच. ती येण्यापूर्वी प्रत्येक वस्तूची गोष्ट सांगणारी वडील मंडळी आपल्यात आहेत तोवर, ती लिहून घेण्याचे काम या सुवर्णमहोत्सवी वर्षातच हाती घ्यावे, अशी आमची सर्व सभासदांस विनंती आहे.