पार्क स्ट्रीटच्या शाळेतील धावपटू : नॉर्मन प्रिचर्ड

ऑलिंपिक क्रीडास्पर्धांत भारताच्या नावावर पहिले पदक केव्हा जमा झाले, असे कोणास विचारले तर बहुधा १९२८ च्या ॲम्स्टरडॅमचे आणि हॉकीचे नाव निघते. उत्तर देणारा मराठी असेल तर १९५२ च्या हेलसिंकीचे आणि खाशाबा जाधवांचे नाव तो अभिमानाने घेतो. ही दोन्ही उत्तरे आपापल्या जागी खरी आहेत. पहिले सुवर्णपदक हॉकीचे, आणि स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक खाशाबांचे, याविषयी वाद नाही. तथापि आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या नोंदींत भारताच्या रकान्यात पहिली दोन पदके लिहिली आहेत ती १९०० सालची, पॅरिस येथील. आणि त्यांच्यासमोर नाव आहे ते नॉर्मन गिल्बर्ट प्रिचर्ड या कलकत्त्यात जन्मलेल्या इंग्रज तरुणाचे.

हा प्रिचर्ड कोण, तो कोठे घडला आणि त्याला आपला म्हणावे की नाही, हा प्रश्न केवळ क्रीडापंडितांचा नव्हे. ज्यांचा जन्म एका प्रांती झाला, मूळ दुसऱ्या प्रांती राहिले आणि शिक्षण तिसऱ्याच भाषेत झाले, अशा सर्वांचा तो प्रश्न आहे. महाराष्ट्राबाहेर पन्नास वर्षे नांदलेल्या मंडळाच्या स्मरणिकेत त्याची जीवनकथा सांगावीशी वाटते ती याच कारणाने.

शाळा आणि तिचे अंगण

प्रिचर्डचा जन्म १८७० च्या दशकात कलकत्त्यात, इंग्रज आईबापांच्या पोटी झाला. त्या काळी कलकत्ता ही हिंदुस्थानची राजधानी होती. सुखवस्तू इंग्रज कुटुंबे आपली मुले लहानपणीच शिक्षणासाठी विलायतेस धाडीत. परंतु हा मुलगा येथेच शिकला, पार्क स्ट्रीटवरील सेंट झेवियर्स या कॅथलिक शाळेत आणि तिला जोडून असलेल्या महाविद्यालयात.

ही संस्था १८६० मध्ये बेल्जियमहून आलेल्या जेझुइट पाद्र्यांनी फादर हेन्री देपेल्शँ यांच्या नेतृत्वाखाली स्थापन केली. आरंभी ती अगदी लहान होती. जेथे ती उभी राहिली त्या जागेला एक निराळाच इतिहास होता. तेथे पूर्वी ‘सां सूसी’ नावाचे इंग्रजी नाट्यगृह होते. एस्थर लीच ही त्या नाट्यगृहाची प्राण असलेली अभिनेत्री १८४३ मध्ये प्रयोगाच्या वेळी वस्त्रांनी पेट घेतल्यामुळे भाजली आणि त्यातच तिचा अंत झाला. पुढे नाट्यगृह बंद पडले आणि कालांतराने त्या जागी घंटेच्या ठोक्यावर वर्ग भरू लागले.

या शाळेचे नाव विद्येच्या क्षेत्रात लवकरच दुमदुमले. १८६५ मध्ये आलेले फादर यूजीन लाफाँ यांनी येथे पदार्थविज्ञानाची प्रयोगशाळा उभी केली. ते सामान्य जनांसाठी विज्ञानाची सप्रयोग व्याख्याने देत. डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ मध्ये विज्ञानाच्या संवर्धनासाठी जी संस्था स्थापिली, तिच्या पाठीशी लाफाँ उभे होते. जगदीशचंद्र बोस यांना विज्ञानाची गोडी लागली ती याच फादरांच्या वर्गात. रवींद्रनाथ ठाकूरही काही काळ या शाळेत होते. परंतु कोणतीच शाळा त्या मुलाला धरून ठेवू शकली नाही, तेथे हिचा काय दोष? तरीही येथील एका सौम्य प्रकृतीच्या स्पॅनिश पाद्र्याची आठवण त्यांनी जन्मभर जपली.

जेथे एका मुलाच्या वाट्याला प्रयोगशाळा आली तेथेच दुसऱ्याच्या वाट्याला क्रीडांगण आले. मुलाच्या मनाबरोबर त्याचे शरीरही शिस्तीत वाढावे, ही दृष्टी त्या काळच्या मिशनरी शाळांत रुजू लागली होती. आपल्याकडील पालकांना तेव्हा खेळ म्हणजे अभ्यासाचा शत्रू वाटे. सेंट झेवियर्सचा फुटबॉल संघ मात्र शहरातील खुल्या सामन्यांत लष्करी व नागरी संघांशी झुंज देत असे. प्रिचर्ड या संघाचा खेळाडू होता.

मैदानावरील सात वर्षे

धावण्याच्या शर्यतींत त्याने जे केले ते आजही थक्क करणारे आहे. बंगालच्या प्रांतिक स्पर्धांत १०० यार्डांचे अजिंक्यपद त्याने १८९४ पासून १९०० पर्यंत सलग सात वर्षे आपल्याकडे राखले. ४४० यार्डांची शर्यत आणि १२० यार्डांची अडथळ्यांची शर्यत यांतही त्याने विजेतेपदे मिळविली. वेगवान धावपटूचा बहर साधारणतः अल्पायुषी असतो. एखादा स्नायू दुखावला की वर्ष वाया जाते. अशा स्थितीत सात वर्षे अव्वल राहणे हे केवळ निसर्गदत्त वेगाने साधत नाही. त्यासाठी नियमित सराव आणि संयम लागतो.

फुटबॉलच्या इतिहासातही त्याचे नाव एका कारणाने कोरले गेले आहे. जुलै १८९७ मध्ये सेंट झेवियर्सतर्फे शोभाबाजार क्लबाविरुद्ध खेळताना त्याने एकाच सामन्यात तीन गोल केले. हिंदुस्थानातील खुल्या स्पर्धेतली ही पहिली हॅट्‌ट्रिक मानली जाते. यातील गंमत अशी की शोभाबाजार हा नगेंद्रप्रसाद सर्वाधिकारी यांनी उभा केलेला देशी खेळाडूंचा क्लब. त्यानेच १८९२ मध्ये ट्रेड्स कपच्या सामन्यात ईस्ट सरे या गोऱ्या पलटणीच्या संघाला हरवून देशभर खळबळ उडवून दिली होती. अर्थात भारताची पहिली हॅट्‌ट्रिक म्हणून आपण जी अभिमानाने सांगतो, ती एका इंग्रज तरुणाने देशी संघावर चढविलेली आहे. इतिहास आपल्या सोयीने वागत नाही, तो असा.

पॅरिसची हिरवळ

१९०० च्या उन्हाळ्यात प्रिचर्ड इंग्लंडमध्ये होता. तेथील हौशी धावपटूंच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्याने भाग घेतला आणि तेथून तो पॅरिसला गेला. पॅरिसचे ते दुसरे आधुनिक ऑलिंपिक म्हणजे एका प्रचंड जागतिक प्रदर्शनाला जोडलेला खेळांचा कार्यक्रम होता. त्यात उद्‌घाटनाचा थाट नव्हता, ध्वजांचे संचलन नव्हते. आपण ऑलिंपिकमध्ये उतरलो आहोत, हे कित्येक स्पर्धकांना ठाऊकही नव्हते. बुलोन्यच्या उपवनात, एका क्रीडासंस्थेच्या हिरवळीवर धावण्याच्या शर्यती झाल्या. जमीन उंचसखल होती, आणि झाडांचा अडसर होता. प्रथम तिघांना सोने, रुपे व कांस्य देण्याची प्रथा तेव्हा पडली नव्हती. ती १९०४ पासूनची. प्रिचर्डची रौप्यपदके म्हणजे दोन द्वितीय क्रमांक, असा अर्थ घ्यावयाचा.

प्रिचर्डने पाच शर्यतींत नाव घातले होते. ६० व १०० मीटरमध्ये त्याला अंतिम फेरी गाठता आली नाही. ११० मीटर अडथळ्यांच्या अंतिम फेरीत तो पोहोचला, परंतु पदक हाती आले नाही. २०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत मात्र तो दुसरा आला. पहिला आला तो अमेरिकेचा ॲल्व्हिन क्रेंझलाइन, वेळ २५.४ सेकंद. क्रेंझलाइन हा साधासुधा प्रतिस्पर्धी नव्हता. त्या एकाच ऑलिंपिकमध्ये त्याने चार वैयक्तिक विजेतेपदे मिळविली. आणि पुढचा पाय सरळ ताणून, धावेची लय न मोडता अडथळा ओलांडण्याची जी पद्धत पुढे सर्वत्र रूढ झाली, ती लोकप्रिय करण्याचे श्रेय त्याला देतात. अशा धावपटूच्या मागे दुसरे येणे हा पराभव नव्हे.

काही दिवसांनी २०० मीटरच्या सरळ शर्यतीत अमेरिकेच्या वॉल्टर ट्यूक्सबरीने २२.२ सेकंदांत पहिला क्रमांक पटकावला आणि प्रिचर्ड पुन्हा दुसरा आला. तिसरा होता ऑस्ट्रेलियाचा स्टॅन रोली. आशिया खंडात जन्मलेला पहिला ऑलिंपिक पदकविजेता म्हणून प्रिचर्डचा उल्लेख होतो तो या दोन शर्यतींमुळे.

पदक कोणाचे?

वादाला तोंड फुटते ते येथे. त्या काळी राष्ट्रीय ऑलिंपिक समित्या बहुतेक देशांत नव्हत्या. हिंदुस्थानात तर नव्हतीच. खेळाडू व्यक्तिशः किंवा क्लबामार्फत नावे नोंदवीत. ब्रिटिश बाजूचे अभ्यासक म्हणतात की प्रिचर्ड इंग्रज आईबापांचा, इंग्लंडमधील स्पर्धेत भाग घेऊन तेथूनच पॅरिसला गेलेला. तेव्हा त्याची पदके ब्रिटनची. आंतरराष्ट्रीय ॲथलेटिक्स महासंघाने २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीत तो ब्रिटनचा म्हणूनच दाखविला गेला. उलट आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने त्याची पदके भारताकडेच ठेवली आहेत.

दोन्ही पक्षांचे म्हणणे नीट ऐकले की एक गोष्ट ध्यानात येते. वाद आहे तो कागदांचा. तो धावायला कोठे शिकला, याविषयी वाद नाही. त्याचे पाय कलकत्त्याच्या मैदानावर तयार झाले, त्याचा खेळ सेंट झेवियर्सच्या संघात घडला, त्याची सात अजिंक्यपदे बंगालच्या स्पर्धांतील होती. विलायतेने त्याला पॅरिसची वाट दाखविली असेल. परंतु तेथे जो पोहोचला तो आधीच घडलेला धावपटू होता.

मात्र याच प्रामाणिकपणाने दुसरी बाजूही मान्य केली पाहिजे. तो राज्यकर्त्यांच्या समाजातला होता. ज्या मैदानांवर तो मुक्तपणे वावरला ती त्याच शहरातील सामान्य देशी मुलाला सहज खुली नव्हती. त्याला राष्ट्रवीर करून टाकणे हा इतिहासावर अन्याय होईल, आणि तो परका म्हणून त्याचे नाव पुसून टाकणे हा त्याला घडविणाऱ्या शाळेवर व शहरावर अन्याय होईल.

मैदानाकडून रंगभूमीकडे

१९०० ते १९०२ या काळात प्रिचर्डने इंडियन फुटबॉल असोसिएशन या, १८९३ मध्ये कलकत्त्यात स्थापन झालेल्या संघटनेचे सचिवपद सांभाळले. खेळणारा माणूस खेळाची व्यवस्थाही पाहू लागला, ही गोष्ट त्याच्या या शहराशी असलेल्या नात्याची साक्ष आहे. पुढे १९०५ च्या सुमारास तो व्यवसायानिमित्त इंग्लंडला कायमचा निघून गेला.

तेथे त्याच्या आयुष्याने अनपेक्षित वळण घेतले. देखणे रूप, सडपातळ बांधा आणि सफाईदार वाणी यांच्या बळावर तो नाटकांत कामे करू लागला. नॉर्मन प्रिचर्ड मागे पडला आणि नॉर्मन ट्रेव्हर हे नाव फलकांवर झळकू लागले. लंडनच्या रंगभूमीवरून तो न्यूयॉर्कला आणि तेथून मूकपटांच्या हॉलिवूडमध्ये गेला. ‘डान्सिंग मदर्स’ आणि ‘बो जेस्ट’ हे १९२६ मधील गाजलेले मूकपट. त्या दोहोंत त्याच्या भूमिका आहेत. त्याची शाळा एका बंद पडलेल्या नाट्यगृहाच्या जागी उभी होती, हे आठवले म्हणजे या योगायोगाचे नवल वाटते.

बोलपटांचे युग सुरू होत असतानाच त्याचा मेंदूचा विकार बळावला आणि १९२९ च्या ऑक्टोबर अखेरीस कॅलिफोर्नियात त्याचे निधन झाले. पडद्यावरचा ट्रेव्हर आणि हिरवळीवरचा प्रिचर्ड एकच, हे त्याच्या प्रेक्षकांपैकी फारच थोड्यांना माहीत असावे.

मागे राहिले ते

त्याच्यानंतर हिंदुस्थानातून ऑलिंपिकला संघ गेला तो वीस वर्षांनी, १९२० मध्ये अँटवर्पला. त्याचा उगम पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात झाला आणि सर दोराबजी टाटांनी त्यास आधार दिला. त्या संघात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते, दातार होते, शिंदे व नवले हे कुस्तीगीर होते, आणि बंगालचा धावपटू बॅनर्जीही होता. पुढे १९५२ मध्ये गोळेश्वरच्या खाशाबांना हेलसिंकीला पाठविण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकले. पार्क स्ट्रीटचे पाद्री आणि कोल्हापूरचे प्राचार्य यांच्यात भाषा, धर्म, वेष सारेच निराळे. परंतु मुलाच्या अंगातील गुण ओळखून त्याच्यामागे उभे राहणारी शाळा असल्याखेरीज पदक मिळत नाही, हे सत्य दोन्हीकडे एकच.

धावण्या-फेकण्याच्या मैदानी खेळांत प्रिचर्डनंतर भारताच्या नावावर पुढचे ऑलिंपिक पदक लागले ते २०२१ मध्ये, टोकियो येथे नीरज चोप्राने भाला फेकून सुवर्ण जिंकले तेव्हा. मध्ये एकशेएकवीस वर्षे गेली. एकाच ऑलिंपिकमध्ये दोन पदके मिळविण्याचा त्याचा पराक्रम मनू भाकरने २०२४ मध्ये केला, तोही पॅरिसमध्येच. आणि त्याच पॅरिसमध्ये कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत कांस्यपदक मिळविले.

आपली मुले आज ज्या गावी वाढत आहेत तेथील शाळांत शिकतात, तेथील भाषेत हाका मारतात, आणि मैदानात उतरली की त्याच प्रांताच्या नावाने धावतात. ती मराठी की इथली, असा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या घरी केव्हा ना केव्हा निघतोच. प्रिचर्डच्या चरित्राने त्याचा निकाल लागत नाही. परंतु त्याचा काच कमी होतो. घराण्याने दिलेले नाव आणि शाळेच्या अंगणाने दिलेला वेग, या दोन्हींचे ऋण एकाच माणसावर असू शकते, आणि एक मान्य केल्याने दुसरे बुडत नाही. पन्नास वर्षे आपल्या मंडळाने मुलांना पहिल्याची आठवण दिली. दुसऱ्यासाठी त्यांना मोकळे मैदान मिळवून देणे, हे पुढील पन्नास वर्षांचे कार्य ठरो.