जास्वंद, माकड आणि लिनीअस

विलेपार्ल्यांतील पुष्कळ अंगणांत जास्वंदीचें झुडूप दृष्टीस पडतें, आणि उत्तरेस बोरिवलीच्या रानांत डोक्यावर केसांची टोपी असलेलें लहान माकड आढळतें. एक जमिनीस खिळलेलें, दुसरें क्षणभरहि स्थिर न राहणारें. या दोहोंची तुलना कशी करावी? तथापि शास्त्रज्ञ दोहोंस एकाच रीतीनें नांव देतात. ही रीत रूढ करणाऱ्या कार्ल लिनीअसचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

लिनीअसचा जन्म स्वीडन देशांत ता. २३ मे १७०७ रोजीं झाला. त्याचे वडील धर्मोपदेशक असून त्यांस बागेचा मोठा नाद होता. पुत्रानें आपलाच मार्ग धरावा अशी त्यांची इच्छा. परंतु मुलाचें चित्त पाठांपेक्षां वनस्पतींतच रमे. त्या कार्यास तो अयोग्य आहे, असा शिक्षकांनीं अभिप्राय दिला, तेव्हां वडिलांस अत्यंत खेद झाला. सुदैवानें रॉथमन नांवाच्या वैद्यानें मुलाचा कल ओळखून त्यास वैद्यक शिकविण्याचा सल्ला दिला, आणि वडिलांनीं तो मानिला.

पुढें १७३२ सालीं लिनीअसनें लॅपलंडचा खडतर प्रवास केला, व १७४१ सालीं तो उप्साला येथें प्राध्यापक झाला. फुलांत तो केसर पाही, चतुष्पादांत दांत मोजी. जास्वंदीचे अनेक पुंकेसर जुळून एक नळी झालेली असते. या लक्षणावरून त्यानें तिचा वर्ग ठरविला, व १७५३ सालीं तिला 'हिबिस्कस रोझा-सायनेन्सिस' हें नांव दिलें. यांतील पहिला शब्द आडनांवासारखा, दुसरा त्या जातीचा स्वतःचा. आमच्या माकडाचें 'मकाका रेडिएटा' हें नांवहि याच धर्तीचें आहे.

दांत व इतर अवयव पाहून त्यानें मनुष्यास माकडांच्याच गणांत बसविलें. यावरून पुष्कळांनीं त्यास दोष दिला. परंतु स्वतः श्रद्धाळु असूनहि, डोळ्यांस दिसलेलें साम्य त्यानें लपविलें नाहीं.

ता. १० जानेवारी १७७८ रोजीं तो निवर्तला. केसरांवरून वर्ग पाडण्याची त्याची पद्धति मागें पडली. दुहेरी नांवाची रीत मात्र सर्व जगानें स्वीकारली आहे.

विद्यार्थ्यांनीं अंगणांतील जास्वंद एकदां उकलून पहावी. आणि पालकांनीं, मुलगा पुस्तक सोडून फुलांत रमला म्हणून तो वायां गेला असें मानण्यापूर्वीं, लिनीअसच्या वडिलांचें स्मरण करावें.