‘आप’ म्हणायला शिकवणारे संत गुलाम महाराज

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले तळोदा तालुक्यातील मोरवड हे संत गुलाम महाराजांचे गाव. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आला. महाराजांच्या हयातीत हा मुलूख पश्चिम खानदेशात मोडत असे. भिल्ल समाजातून आलेल्या या संताने खचलेल्या आपल्या बांधवांना मनाचे बळ दिले.

तो काळ भिल्लांसाठी कठीण होता. जंगलावर सरकारी बंधने आली होती, जमिनी सावकारांकडे जात होत्या आणि अनेकांच्या वाट्याला सालदारकी आली होती. १८७८ च्या अबकारी कायद्यानंतर दारूसाठी ठेकेदाराच्या दुकानाची पायरी चढावी लागे. सणासमारंभात मान असलेली दारू दुःख विसरण्याचे साधन झाली आणि कर्जाचे कारणही.

महाराजांचा उपाय साधा होता. दारू सोडावी, स्नान करून स्वच्छ राहावे आणि परस्परांना ‘आप’ म्हणावे. मालकाकडून जन्मभर ‘अरे-तुरे’ ऐकलेल्या माणसाला आपल्याच माणसांकडून आदरार्थी संबोधन मिळू लागले. त्यामुळे हा पंथच पुढे ‘आप’ या नावाने ओळखला गेला. १९३० च्या दशकात मोरवडच्या आरतीला हजारो आदिवासी जमू लागले.

व्यसन हा आजार आहे, असे आज वैद्यकशास्त्र सांगते आणि त्यावर उपचारही आहेत. श्रद्धा त्या उपचारांची जागा घेऊ शकत नाही. मात्र व्यसन सुटल्यावर रिकाम्या झालेल्या मनाला सोबत, शिस्त आणि स्वतःविषयीचा आदर लागतो. एकट्याने केलेला निश्चय डळमळतो; चारचौघांत घेतलेली शपथ टिकण्याची शक्यता अधिक असते. मोरवडच्या आरतीने या गोष्टी दवाखान्यांपासून दूर राहणाऱ्या माणसांच्या आवाक्यात आणल्या. आदराने हाक मारायला तर पैसाही लागत नव्हता.

१९३८ मध्ये गुलाम महाराजांचे निधन झाले. त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी हे कार्य पुढे चालवले. आजही ‘आप की जय’ परिवार महाराजांची परंपरा जपत आहे. माणसाला सावरण्याची सुरुवात त्याला मान देण्यापासून होते, हीच महाराजांच्या जीवनाची शिकवण होय.