नखं रंगवणारा बाप्यामाणूस

मैत्रिणींनो, कोमट पाण्यात बोटं बुडवायची, नखांच्या कडेची कातडी हलकेच मागे सारायची, फाइलने आकार द्यायचा, की झालं आपलं घरगुती मॅनिक्युअर! मग हात जातो तो नेलपॉलिशच्या बाटलीकडे. ही बाटली घरोघरी पोचवण्यात ज्याचा मोठा वाटा होता, तो चक्क एक पुरुष होता. ‘रेव्हलॉन’चा चार्ल्स रेव्हसन.

१९०६ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात तो जन्मला. वडील सिगारच्या कारखान्यात सिगार वळायचे, म्हणजे घरची परिस्थिती बेताचीच. शाळा संपल्यावर चार्ल्स न्यूयॉर्कला आला आणि बायकांचे कपडे विकणाऱ्या कंपनीत लागला. रंगांची नजर बहुधा तिथेच तयार झाली. पुढे तो ‘एल्का’ नावाच्या छोट्या कंपनीचं नेलपॉलिश विकू लागला.

त्या काळची बहुतेक नेलपॉलिशं पातळ, पारदर्शक असत. लावलं तरी नख खालून दिसायचंच. एल्काचं मात्र दाट, नख पूर्ण झाकणारं. कारण त्यात विरघळणाऱ्या रंगाऐवजी रंगद्रव्याची पूड असे. चार्ल्सने हे बरोबर हेरलं. अख्ख्या देशाची एजन्सी द्या म्हणून त्याने मालकांकडे मागणी केली. नकार आला, तसा तो तडक बाहेर पडला. भाऊ जोसेफ आणि रसायनांच्या धंद्यातला चार्ल्स लॅकमन यांना घेऊन १९३२ मध्ये, तेही ऐन मंदीत, त्याने तीनशे डॉलरवर स्वतःची कंपनी काढली. रेव्हसनमधला ‘स’ काढून तिथे लॅकमनचा ‘ल’ घातला आणि नाव झालं रेव्हलॉन.

सुरुवातीला माल फक्त ब्यूटी पार्लरना. हा पठ्ठ्या बॅग घेऊन पार्लर ते पार्लर फिरायचा आणि नवीन शेड आली की स्वतःच्या नखांवर लावून बघायचा! लोक हसले असतील, हसू देत. पॉलिश कसं बसतं, किती टिकतं, टवका कुठून उडतो हे लावल्याशिवाय कळणार कसं? आपण नाही का, दुकानात एका नखाला लावून बघत?

१९३७ पासून माल मोठ्या दुकानांत गेला आणि पार्लरची चैन घरात आली. १९४० च्या सुमारास त्याने लिपस्टिकही आणली आणि ओठ नि नखं एकाच रंगात रंगवायची टूम काढली. म्हणजे एकीऐवजी दोन वस्तू खपणार, हेही आलंच! १९५२ च्या ‘फायर अँड आइस’ या लाल रंगाच्या जाहिरातीत तर बायकांसाठी खट्याळ प्रश्नांची यादीच दिली होती. योगायोग असा, की आपल्याकडे टाटांचं ‘लॅक्मे’ त्याच वर्षी सुरू झालं.

बाईच्या मनात काय चाललंय हे इतकं ओळखणारा माणूस सोबतच्यांशी मात्र फार कठोर वागायचा. तोंडात शिव्या, रात्री उशिरापर्यंत मीटिंगा, त्यामुळे चांगली चांगली माणसं टिकत नसत. धाकटा भाऊ मार्टिन कंपनी सोडून गेला आणि कोर्टातही गेला. तीन लग्नं केली, तिन्ही मोडली. त्यात १९५५ पासून रेव्हलॉनने पुरस्कृत केलेला टीव्हीवरचा बक्षिसाचा प्रश्नमंजूषा कार्यक्रम. त्याने खप धडाधडा वाढला खरा, पण असे कार्यक्रम आतून ठरवलेले असतात असा बोभाटा झाला आणि १९५९ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढे त्याला साक्ष द्यावी लागली. त्याच्या हुशारीचं कौतुक वाटतं, पण अशा साहेबाच्या हाताखाली नोकरी? नको गं बाई!

एक गोष्ट मात्र त्याच्याकडून जरूर घ्यावी. नवा रंग बाटलीतून बघून ठरवू नका, नखावर लावून बघा. एक जाड थर देण्यापेक्षा दोन पातळ थर द्या आणि पहिला नीट वाळल्याशिवाय दुसरा लावू नका. उजव्या हाताने लिहीत असाल तर आधी उजव्या हाताची नखं रंगवा. डावा हात अवघडतो, तेव्हा ते काम ताज्या दमात उरकलेलं बरं.

ऑगस्ट १९७५ मध्ये स्वादुपिंडाच्या कर्करोगाने चार्ल्स गेला. दहा वर्षांनी, १९८५ मध्ये, कंपनी दुसऱ्याच मालकाकडे गेली आणि २०२२ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्जही केला. त्यातून ती सावरली. बाटलीवर लॅकमनचा ‘ल’ अजून आहे.