चोवीस वर्षांचा दलप्रमुख : वीर बाबुराव शेडमाके

युवा संघटनेचं तालुका अध्यक्षपद असो की जिल्हाध्यक्षपद, निवडणूक लागली की गावागावात धावपळ सुरू होते. सदस्य नोंदणी होते, फ्लेक्स लागतात, कोणत्या नेत्याचा हात कोणाच्या डोक्यावर आहे याची चर्चा पानठेल्यावर रंगते. पद मिळालं की हार-तुरे, नाही मिळालं की नाराजी. याच चंद्रपूर-गडचिरोलीच्या मातीत १६० वर्षांहून अधिक काळापूर्वी एका चोवीस वर्षांच्या पोराने तरुणांचं दल उभं केलं आणि त्याचं नेतृत्व स्वतःच्या अंगावर घेतलं. त्या नेतृत्वाची किंमत त्याला तेरा महिन्यांच्या आत चुकवावी लागली. ते म्हणजे वीर बाबुराव पुल्लेसूर शेडमाके.

बाबुरावांचा जन्म १२ मार्च १८३३ रोजी अहेरी तालुक्यातील किष्टापूर येथे राजगोंड जमीनदार घराण्यात झाला. वडील पुल्लेसूर बापू हे मोलमपल्लीचे जमीनदार, आई जुर्जाकुंवर. जमीनदारी २४ गावांची. बाबुराव घरचे थोरले, म्हणजे गादी त्यांच्याकडेच येणार हे ठरलेलं होतं.

सुरुवातीचं शिक्षण गोटुलात झालं. गोटुल म्हणजे नुसती नाचण्या-गाण्याची जागा नव्हे. गावातली तरुण पोरं-पोरी तिथे एकत्र येतात, कामाची वाटणी करतात, शिस्त शिकतात, थोरांचं ऐकतात. आपल्यातला कोण पुढे होण्याच्या लायकीचा आहे, हे तिथे सोबत राहून, सोबत राबून कळतं. तिरकमठा, भाला, तलवार चालवणं बाबुराव लहानपणीच शिकले. पुढे इंग्रजी शिक्षणासाठी त्यांना रायपूरला पाठवण्यात आलं. त्यामुळे गोटुलाची शिस्त आणि इंग्रजांची भाषा, या दोन्ही गोष्टी त्यांच्याजवळ होत्या. त्या काळात या जंगलभागात असा तरुण विरळाच. शिक्षण आटोपून ते मोलमपल्लीला परतले, राजकुंवर यांच्याशी त्यांचं लग्न झालं.

तोवर वरचं राज्य बदललं होतं. चांद्याचं गोंड राज्य आधीच नागपूरकर भोसल्यांकडे गेलेलं. १८५३ मध्ये तिसरे रघुजी भोसले वारले आणि १८५४ मध्ये इंग्रजांनी नागपूरचं राज्य खालसा केलं. त्याच वर्षी चांदा जिल्ह्यात इंग्रज अधिकारी येऊन बसला. जमीनदारांच्या अधिकारांना कात्री लागली, महसुलाची पद्धत बदलली. जंगल ज्यांच्या जगण्याचं साधन होतं, त्यांना आता परक्या कचेरीकडे बघून जगायची वेळ आली. १८५७ मध्ये उत्तरेत उठाव झाल्याची बातमी इकडेही पोहोचली.

२४ सप्टेंबर १८५७ रोजी बाबुरावांनी जंगोम दल स्थापन केलं. आसपासच्या गावांतले सुमारे ५०० तरुण त्यात आले. त्यात गोंड, माडिया तरुण होते, रोहिलेही होते. सप्टेंबर म्हणजे आपल्याकडे धान पोटरीवर येण्याचे दिवस. अशा वेळी बांधी सोडून हातात शस्त्र धरायचं, हा कोणत्याही शेतकरी घरासाठी लहान निर्णय नव्हता.

इथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. जमीनदारी बाबुरावांना जन्माने मिळाली होती, पण दल जन्माने मिळालं नव्हतं. २४ गावांचा जमीनदार हुकूम सोडून वेठीला माणसं बोलावू शकतो, पण इंग्रजांच्या बंदुकीपुढे उभं राहायला हुकूम पुरत नाही. पोरं आली ती या माणसावर विश्वास टाकून. मतपेटी नव्हती, तरी त्यांनी आपल्या पायाने चालत येऊन कौल दिला होता.

दलाला शिकवण्यात आणि तयारीत पाचेक महिने गेले. ७ मार्च १८५८ रोजी बाबुरावांनी राजगड परगणा ताब्यात घेतला. राजगडचे जमीनदार रामजी गेडाम इंग्रजांच्या बाजूचे होते, ते या लढाईत मारले गेले. चांद्याचा डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन खडबडून जागा झाला. त्याने फौज पाठवली. १३ मार्चला नांदगाव-घोसरीजवळ गाठ पडली आणि इंग्रजांच्या फौजेला माघार घ्यावी लागली.

या विजयाने दल वाढलं. अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव आपली माणसं घेऊन बाबुरावांना मिळाले. दोघांनी गढीसुर्ल्याच्या डोंगराचा आसरा घेतला. फौज डोंगराला भिडली की वरून मोठमोठे दगड लोटायचे, ही त्यांची रीत. त्यानंतर १९ एप्रिलला सगणापूर आणि २७ एप्रिलला बामनपेठ इथे लढाया झाल्या. तोफा-बंदुका असूनही जंगल माहीत असलेल्या पोरांपुढे इंग्रजांचं काही चालेना.

२९ एप्रिल १८५८ च्या रात्री प्राणहिता नदीच्या काठी चिंचगुंडी येथे दलाने तारेचं काम करणाऱ्या इंग्रजांच्या तळावर हल्ला केला. गार्टलँड आणि हॉल हे दोन कर्मचारी मारले गेले. तिसरा, पीटर, निसटला आणि त्याने क्रिक्टनला खबर दिली. तार हा इंग्रजांच्या राज्याचा कणा होता. त्याच ठिकाणी घाव बसल्यावर सरकारने बाबुरावांना पकडायचंच असं ठरवलं. १००० रुपयांचं इनाम लावलं.

पण इनामाने काम भागलं नाही. मग क्रिक्टनने दुसरी वाट धरली. अहेरीच्या जमीनदारीण राणी लक्ष्मीबाई यांच्यावर त्याने दबाव आणला. बाबुरावांना पकडून देण्यास मदत करा, नाही तर तुमच्याकडे बंडाला साथ देणारे म्हणून पाहिलं जाईल, असा त्याचा रोख होता. एकीकडे आपलाच माणूस, दुसरीकडे घराण्याची जमीनदारी. राणीने जमीनदारी राखली. आज या गोष्टीबद्दल बोलताना लोक एका शब्दात निकाल देऊन मोकळे होतात. पण त्या काळी बाकीच्या जमीनदारांनी काय केलं, हेही पाहिलं पाहिजे. उघडपणे बाबुरावांच्या बाजूने शस्त्र घेऊन आलेले मोठे जमीनदार म्हटले तर व्यंकटरावच. बाकीचे गप्प राहिले. दल तरुणांचं होतं, थोरामोठ्यांची साथ त्याला शेवटपर्यंत मिळाली नाही.

बाबुराव इंद्रावतीपलीकडे बस्तरमधील भोपालपट्टणमला गेले. तिथे रोहिल्यांनी त्यांना पकडलं, पण ते त्यांच्या तावडीतून निसटले. अखेर १८ सप्टेंबर १८५८ रोजी अहेरीच्या माणसांनी त्यांना धरलं आणि इंग्रजांच्या हवाली केलं. दलाच्या स्थापनेला वर्ष व्हायला अजून सहा दिवस होते.

चांद्याला खटला चालला. इंग्रज सरकारविरुद्ध बंड केल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगातील पिंपळाच्या झाडाला बाबुरावांना फाशी देण्यात आलं. वय २५ वर्षे. फाशीचा दोर पुन्हा पुन्हा तुटला, अशी आख्यायिका गावोगावचे म्हातारे अजूनही सांगतात. आपला माणूस सहजासहजी मरू नये, असं लोकांना मनापासून वाटत होतं, एवढं त्यातून नक्की कळतं.

व्यंकटराव बस्तरच्या जंगलात निघून गेले. दोन वर्षांनी, १८६० मध्ये, तेही पकडले गेले. त्यांना जन्मठेप झाली, मालमत्ता जप्त झाली. अडपल्ली आणि घोटची ६७ गावं अहेरीच्या राणीला बक्षीस म्हणून देण्यात आली. दलातल्या शेकडो पोरांचं पुढे काय झालं, त्यांची नावं काय होती, याची कोणी यादी केली नाही. लढाईत पडलेले, गावी परत येऊन गुपचूप नांगर धरलेले, असे सगळेच विस्मृतीत गेले.

१२ मार्च २००९ रोजी भारतीय टपाल खात्याने बाबुरावांच्या नावाने तिकीट काढलं. चंद्रपूरच्या कारागृहातील त्या पिंपळाजवळ दरवर्षी २१ ऑक्टोबरला समाजबांधव जमतात, फुलं वाहतात. राजकीय पक्षांचे युवा पदाधिकारीही येतात, फोटो निघतात. यात वाईट काही नाही.

मात्र हार घालताना एवढं लक्षात ठेवावं. बाबुरावांनी आधी पोरं जमवली, त्यांना शिकवलं, त्यांच्यापुढे उभं राहून लढाई केली. प्रमुख हे नाव त्या कामामागून आलं. त्यांच्याकडे गमावण्यासारखं पुष्कळ होतं: २४ गावं, घरदार, नवा संसार. गप्प बसले असते तर जमीनदारी सुखाने चालली असती. आज किष्टापूर-मोलमपल्लीच्या बाजूला किंवा कुठल्याही टोल्यावर एखादा पोरगा युवा संघटनेचा अर्ज भरत असेल, तर वरच्या नेत्याची चिठ्ठी कुठून आणायची हे विचारण्याआधी त्याने मागे वळून पाहावं. आपल्या शब्दावर बांधी सोडून किती पोरं येतील, हे त्याला तिथेच दिसेल.