विश्लेषण : न हसता हसवणारा बस्टर कीटन… त्याचे मूकपट शंभर वर्षांनंतरही का पाहावेत?

मूकपटांतील विनोद म्हटला की आपल्याकडे चटकन चार्ली चॅप्लिनचे नाव घेतले जाते. पण त्याच काळात, त्याच हॉलिवूडमध्ये आणखी एक विनोदवीर कामात गढलेला होता. त्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नसे आणि प्रेक्षक मात्र पोट धरून हसत. बस्टर कीटनने १९२३ ते १९२८ या काळात पूर्ण लांबीचे दहा विनोदी चित्रपट केले. आज त्यांची गणना सिनेमाच्या इतिहासातील उत्तम चित्रपटांत होते. मात्र ते ज्या पद्धतीने बनले, ती पद्धत एका करारामुळे संपली आणि तिच्याबरोबर कीटनचा बहरही ओसरला. हे नेमके कसे घडले?

कीटन कोण होता?

जोसेफ फ्रँक कीटनचा जन्म ४ ऑक्टोबर १८९५ रोजी अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या पिक्वा या लहान गावात झाला. आईवडील, मायरा आणि जो, फिरत्या रंगमंच कार्यक्रमांत कामे करत. नाच, गाणी, जादू, कसरती असे सगळे एकाच तिकिटात दाखवणाऱ्या या कार्यक्रमांना ‘वॉदव्हिल’ म्हणत. बस्टर अगदी लहान वयातच आईवडिलांबरोबर रंगमंचावर उतरला. ‘थ्री कीटन्स’ नावाच्या त्यांच्या खेळात खोडकर मुलाला वैतागलेला बाप त्याला उचलून फेकत असे. फेकणे सोपे जावे म्हणून मुलाच्या कपड्यांना चक्क बॅगेची मूठ शिवलेली असे. बालकांच्या संरक्षणासाठी काम करणाऱ्या संस्थांनी या खेळावर वारंवार आक्षेप घेतले.

या खडतर बालपणातून कीटन दोन गोष्टी शिकला. एक म्हणजे अंगाला इजा न होता कसे पडायचे. दुसरी म्हणजे पडल्यावर आपण हसलो तर प्रेक्षक कमी हसतात आणि आपण गंभीर राहिलो तर जास्त हसतात. पुढे त्याची ओळख बनलेला तो निर्विकार चेहरा इथे घडला.

रंगमंचावरून तो चित्रपटात कसा आला?

वडिलांचे मद्यपान वाढल्यावर हा कौटुंबिक खेळ मोडला. १९१७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये कीटनची गाठ त्या काळचा लोकप्रिय विनोदवीर रॉस्को ‘फॅटी’ आर्बकलशी पडली आणि ‘द बुचर बॉय’ या लघुपटात तो पहिल्यांदा पडद्यावर दिसला. त्याला अभिनयाइतकेच कॅमेऱ्याचे यंत्र आवडले. ते आतून कसे चालते, फिल्म कशी सरकते, जोडणी कशी होते, हे त्याने आर्बकलच्या हाताखाली समजून घेतले. मधल्या काळात पहिल्या महायुद्धात तो सैनिक म्हणून फ्रान्सलाही जाऊन आला.

१९२० मध्ये निर्माता जोसेफ शेंक याने कीटनला स्वतंत्र चमू दिला. कधी काळी चॅप्लिनने वापरलेला स्टुडिओ त्याच्या वाट्याला आला. तिथे ‘वन वीक’सारखे १९ लघुपट तयार झाले. १९२१ मध्ये कीटनचे नताली टालमाजशी लग्न झाले. नतालीची बहीण नॉर्मा ही शेंकची पत्नी, त्यामुळे निर्माता आता नातेवाईकही झाला. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

लघुपट सोडून मोठे चित्रपट का?

१९२० नंतर प्रेक्षक आणि चित्रपटगृहे मोठ्या चित्रपटांची मागणी करू लागली. चॅप्लिन आणि हॅरल्ड लॉइड त्या वाटेने निघाले होते. कीटनने आधी सावध पाऊल टाकले. त्याच्या ‘थ्री एजेस’ (१९२३) या चित्रपटात अश्मयुग, रोमन काळ आणि आधुनिक काळ अशा तीन गोष्टी होत्या. चित्रपट पडलाच, तर त्याचे तीन लघुपट करता आले असते.

त्याच वर्षीच्या ‘अवर हॉस्पिटॅलिटी’मध्ये मात्र तो बदललेला दिसतो. दोन घराण्यांतील पिढीजात वैर, त्यात शत्रूच्याच घरी पाहुणा म्हणून गेलेला तरुण आणि पाहुण्याला घरात मारायचे नाही हा यजमानांचा रिवाज. उंबरठ्याबाहेर पाऊल टाकले की जीव धोक्यात, म्हणून नायक घरातून निघायलाच तयार नाही. लघुपटात नुसती धावपळ चालते. मोठ्या चित्रपटात प्रेक्षकाचा गोष्टीवर विश्वास बसावा लागतो, हे कीटनने ओळखले होते. म्हणून त्याने अशक्य वाटणाऱ्या कोट्या कमी केल्या. १८३० च्या दशकातील आगगाडीची प्रतिकृतीही त्याने मन लावून बनवून घेतली.

त्याची काम करण्याची पद्धत कशी होती?

कीटनच्या चमूत लेखक क्लाइड ब्रुकमन, छायाचित्रकार एल्गिन लेस्ली, तांत्रिक बाजू सांभाळणारा फ्रेड गॅबुरी असे मुरलेले लोक होते. गोष्टीची सुरुवात आणि शेवट ठरला की काम सुरू होई. मधला भाग चित्रीकरणाच्या जागी, तिथे काय हाताशी आहे ते पाहून रचला जाई. तयार पटकथेचा आग्रह नव्हता आणि जमले नाही तर पुन्हा चित्रण करण्याची मुभा होती.

‘द नॅव्हिगेटर’ (१९२४) याचे उत्तम उदाहरण. ‘ब्यूफर्ड’ नावाचे जुने जहाज मिळणार आहे असे कळल्यावर त्याभोवती गोष्ट बेतली गेली. आयुष्यात स्वतःचा चहाही न केलेले दोन श्रीमंत तरुण जीव भल्यामोठ्या रिकाम्या जहाजावर अडकतात. शेकडो माणसांसाठी बनवलेल्या भांड्यांत दोघांचा नाश्ता करायचा, इथून गंमत सुरू होते. हा चित्रपट तिकीट खिडकीवर चांगलाच चालला.

‘सेव्हन चान्सेस’ची (१९२५) गोष्ट तर आणखी बोलकी आहे. चाचणी प्रदर्शनात लोक शेवटच्या पाठलागावर फारसे हसले नाहीत. पण धावताना चुकून घरंगळलेल्या दोनतीन दगडांवर हसले. कीटनने ते हेरले, लहानमोठे शेकडो नकली दगड बनवून घेतले आणि डोंगरउतारावरचा नवा प्रसंग चित्रित केला. आज तोच प्रसंग त्या चित्रपटाची ओळख आहे.

ती साहसदृश्ये खरी होती का?

बहुतांश खरी होती. कीटनचा कॅमेरा सहसा लांब उभा असतो आणि माणूस, वस्तू, अंतर हे सगळे एकाच चौकटीत दिसते. जवळून घेतलेल्या तुकड्यांची जोडणी केली की फसवणुकीला वाव राहतो. लांबून सलग दाखवले की प्रेक्षकाला खात्री पटते. ‘स्टीमबोट बिल ज्युनियर’मध्ये (१९२८) वादळात घराची दर्शनी भिंत संपूर्ण कोसळते आणि खाली उभा असलेला कीटन वरच्या उघड्या खिडकीच्या जागेत नेमका सापडल्यामुळे वाचतो. भिंत सुमारे दोन टन वजनाची होती आणि खिडकीच्या कडा त्याच्यापासून काही इंचांवर होत्या. ही कल्पना आर्बकलच्या काळापासून त्याच्या डोक्यात होती आणि लहान प्रमाणात आधी वापरलीही होती.

याची किंमतही त्याने मोजली. ‘शेरलॉक ज्युनियर’मध्ये (१९२४) पाण्याच्या टाकीच्या नळाला लटकताना पाण्याचा लोंढा अंगावर आला आणि त्याची मान रुळावर आपटली. मानेचे हाड मोडले होते, हे अनेक वर्षांनी तपासणीत कळले. मात्र प्रत्येक उडी त्याचीच होती, असेही नाही. ‘कॉलेज’मध्ये (१९२७) बांबूच्या आधाराने खिडकीतून आत झेप घेणारा माणूस ऑलिम्पिक सुवर्णपदक विजेता ली बार्न्स होता.

‘शेरलॉक ज्युनियर’मधील दुसरी करामत तंत्राची आहे. चित्रपटगृहातला ऑपरेटर झोपेत पडद्यावरच्या चित्रपटात शिरतो आणि मागची दृश्ये बदलत राहतात. बागेतल्या बाकावर बसायला जावे तर तो भर रस्त्यात आपटतो. संगणक नसताना हे साधण्यासाठी प्रत्येक ठिकाणी कॅमेऱ्याचे आणि कीटनचे अंतर जमीन मोजणीच्या उपकरणांनी जुळवले होते.

‘द जनरल’ला एवढे महत्त्व का?

अमेरिकी यादवी युद्धात, १८६२ मध्ये, उत्तरेच्या हेरांनी दक्षिणेच्या मुलखातून एक रेल्वे इंजिन पळवले होते. कीटनने ही खरी घटना घेऊन ती दक्षिणेकडच्या इंजिनचालकाच्या नजरेतून मांडली. चित्रीकरण १९२६ च्या उन्हाळ्यात ऑरेगन राज्यातील कॉटेज ग्रोव्ह परिसरात झाले. नायक इंजिनाचा पाठलाग करत जातो आणि इंजिन घेऊन परत येतो, तेव्हा पाठलाग त्याचा होतो. जाताना झालेल्या फजितीच येताना डावपेच म्हणून कामाला येतात. विनोदी चित्रपटाची इतकी नेटकी बांधणी क्वचित दिसते.

त्यातील सर्वाधिक गाजलेले दृश्य जळत्या पुलाचे. खरे इंजिन खऱ्या पुलावर नेले गेले आणि पुलासकट नदीत कोसळू दिले गेले. दुसरी संधी नव्हती. मूकपटांच्या काळातील सर्वांत महागड्या दृश्यांत त्याची गणना होते. ते इंजिन दुसऱ्या महायुद्धात भंगारासाठी बाहेर काढेपर्यंत नदीतच पडून होते.

एवढे करूनही चित्रपटाला समीक्षकांचा प्रतिसाद थंड होता आणि अमेरिकेत कमाईही निराशाजनक झाली. १९८९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत पहिले २५ चित्रपट निवडले गेले, तेव्हा त्यांत ‘द जनरल’ होता.

१९२८ मध्ये काय बिघडले?

कंपनीला नाव कीटनचे होते, पण मालकी त्याच्या हाती नव्हती. चॅप्लिन आणि लॉइड यांनी आपल्या मोठ्या चित्रपटांचे हक्क स्वतःकडे राखले होते. कीटनने व्यवहाराकडे लक्ष दिले नाही. खर्च वाढला, उत्पन्न घटले, तेव्हा शेंकने त्याला एमजीएमकडे जायला सांगितले. एमजीएमच्या मूळ कंपनीचा प्रमुख शेंकचाच भाऊ निकोलस होता. चॅप्लिन आणि लॉइड दोघांनीही कीटनला जाऊ नको असे सुचवले होते. पण आठवड्याला ३ हजार डॉलर आणि सासरकडच्या माणसाचा शब्द यांपुढे त्याने सही केली.

पहिला ‘द कॅमेरामन’ (१९२८) चांगला उतरला. त्यानंतर मात्र मोठ्या कारखान्याची शिस्त आडवी आली. पटकथा आधी मंजूर व्हायची, जोखमीच्या कसरतींना मनाई, जुना चमू हळूहळू पांगला. बोलपटांत त्याला बडबड्या जिमी ड्युरांटीबरोबर उभे केले गेले. हे चित्रपट चालले, म्हणून स्टुडिओला बदलाची गरज वाटली नाही. बोलपटाने कीटनला संपवले असे सरसकट म्हटले जाते. पण त्याचा आवाज वाईट नव्हता. त्याच्याकडून सुटली होती ती निर्णयाची मोकळीक. दारू वाढली, १९३२ मध्ये घटस्फोट झाला, दोन्ही मुलांचे आडनाव बदलले गेले आणि १९३३ मध्ये एमजीएमने त्याला काढून टाकले. पुढे त्याच स्टुडिओत तो दुसऱ्यांच्या चित्रपटांसाठी विनोद सुचवण्याचे काम करत होता.

हे चित्रपट पुन्हा लोकांसमोर कसे आले?

१९४० मध्ये एलिनॉर नॉरिसशी झालेल्या लग्नाने त्याला सावरले. १९४९ मध्ये समीक्षक जेम्स एजी यांनी ‘लाइफ’ साप्ताहिकात मूक विनोदपटांवर लिहिलेल्या लेखाने कीटनचे नाव पुन्हा चर्चेत आणले. १९५२ च्या ‘लाइमलाइट’मध्ये तो चॅप्लिनबरोबर दिसला. दरम्यान, त्याचे जुने घर विकत घेतलेले अभिनेते जेम्स मेसन यांना तिथे त्याच्या चित्रपटांच्या रिळा सापडल्या. १९६० मध्ये त्याला मानद ऑस्कर देण्यात आला आणि १९६५ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात प्रेक्षकांनी त्याला उभे राहून मानवंदना दिली. १ फेब्रुवारी १९६६ रोजी फुप्फुसाच्या कर्करोगाने त्याचे निधन झाले. हाँगकाँगचा जॅकी चॅन याने ‘प्रोजेक्ट ए – भाग दोन’मध्ये कोसळत्या भिंतीचा प्रसंग पुन्हा उभा करून त्याला दाद दिली.

आज पाहताना काय लक्षात ठेवावे?

काही गोष्टी नक्कीच खटकतील. ‘द जनरल’मध्ये दक्षिणेची बाजू घेताना गुलामगिरीचा उल्लेखही येत नाही. ‘सेव्हन चान्सेस’ आणि ‘कॉलेज’मध्ये चेहऱ्याला काळा रंग फासून कृष्णवर्णीयांची केलेली थट्टा आज बोचते. ती त्या काळाची रीत होती, म्हणून ती निर्दोष ठरत नाही.

यातील बहुतेक चित्रपट इंटरनेटवर सहज पाहता येतात, मात्र प्रतींचा दर्जा कमीअधिक असतो. शक्यतो जुन्या रिळांची दुरुस्ती करून काढलेली, संगीताची साथ असलेली प्रत निवडावी. मूकपट तेव्हाही चित्रपटगृहात वाद्यांच्या साथीनेच दाखवले जात. सुरुवात पाऊण तासाच्या ‘शेरलॉक ज्युनियर’ने करावी, मग ‘द नॅव्हिगेटर’ आणि त्यानंतर ‘द जनरल’. कीटन दूरच्या चौकटीत काम करतो, त्यामुळे छोट्या पडद्यावर बरेच निसटते. मोबाइल निदान आडवा धरावा, जमल्यास टीव्हीला जोडावा.